निळी, पांढरी आणि दहा सेंटिमीटर

शनिवारी दुपारी तीन वाजता टेबलावर एकूण एकोणीस वस्तू होत्या. दोन माहितीपुस्तकं, एक निळ्या वेष्टनाचं चौसष्ट पानी आणि एक पांढऱ्या वेष्टनाचं अठ्ठेचाळीस पानी, तुलनेचे अकरा कागद, तीन पेनं, त्यातलं एक सुकलेलं, पाच मीटरची एक स्टीलची टेप, एक घड्याळ, आणि एक मंजूर झालेला रजेचा अर्ज.

पहिल्या अठरा वस्तू दशांशरावांच्या होत्या. एकोणिसावी त्यांच्या बायकोची होती, आणि बाकीच्या अठरांना घाम फुटला होता तो तिच्यामुळेच.

दशांशराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापं तपासायच्या प्रयोगशाळेत चोवीस वर्षं नोकरी केल्यावर माणसाला खरं नाव उरत नाही. ऑफिसात कोणी "चहा किती घेणार?" विचारलं तर ते "अर्धा" म्हणत नसत, "शून्य पॉइंट पाच" म्हणत. तराजू, मापं, शिंप्यांच्या पट्ट्या, सगळ्या जगाचा खरेखोटेपणा त्यांच्या टेबलावरून पुढे जाई. असा माणूस खोटं बोलत नाही. पण असा माणूस काही ठरवतही नाही, ही बाब लग्नानंतर बायकोच्या लक्षात आली.

बावीस वर्षांत चार सहली ठरल्या होत्या आणि चारही तुलनेच्या पायरीवर दगावल्या होत्या. एकदा डोंगरावरच्या दोन हॉटेलांची तुलना इतकी सखोल झाली की तेवढ्यात मोसम संपला. एकदा तर दोनपैकी एक हॉटेलच बंद पडलं, तेव्हा दशांशराव म्हणाले होते, "बरं झालं, निर्णय सोपा झाला." पण उरलेल्या हॉटेलाची तुलना करायला आता काही नाही म्हणून ते तिकडेही गेले नाहीत.

त्यांची बायको मोठ्या इस्पितळात वॉर्डाची मुख्य परिचारिका होती. सगळी इमारत तिला सिस्टर म्हणायची आणि वेळीअवेळी म्हणायची. कुणाचा रक्तदाब बघायचा, कुणाला इंजेक्शन, कुणाच्या नातवाने बटण गिळलं. वॉर्डात सिस्टर, जिन्यात सिस्टर, दारात सिस्टर. ही अकरा दिवसांची रजा मिळवायला तिला चौदा महिने लागले होते. सोमवारी तिने ती टेबलावर ठेवली आणि म्हणाली,

"अहो, बोटीने फिरायचं म्हणालात ना? दोन्ही कंपन्यांची एकेक खोली एजंटबाईंनी माझ्या नावावर धरून ठेवलीय. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत. निळी की पांढरी, तुम्ही ठरवा."

"आणि नाही ठरलं तर?"

"सहा वाजून एक मिनिटाने मी ताईकडे जायचं तिकीट काढीन," ती म्हणाली. "एक."

हा 'एक' इतक्या शांतपणे उच्चारला गेला की दशांशरावांना तो दशांश चिन्हाशिवाय ऐकू आला.

निळी म्हणजे सोळा मजल्यांचं जहाज, तीन हजार प्रवासी, पोहायचे चार तलाव आणि दिवसभर करमणूक. पांढरी म्हणजे चार मजली, दोनशे बारा प्रवासी आणि एक वाचनालय. दशांशरावांनी चौदा निकष काढले आणि प्रत्येकाला गुण ठेवले. आठवडाभर इमारतीतल्या लोकांनी त्यात भर घातली, कारण दुसऱ्याची सहल ठरवण्याइतकं निर्धास्त काम जगात नाही.

तळमजल्यावरच्या कप्तानांचा शब्द यात अखेरचा मानला जाई. कप्तान अठरा वर्षं जहाजावर होते. तिथे ते इस्त्री करत. समुद्र त्यांनी पाहिला तो बहुतेक वाफेतून. पण इमारतीत दुसऱ्या कोणी तोही पाहिला नव्हता.

"निळी घ्या," ते म्हणाले. "मोठं जहाज हलत नाही. आणि खोली इस्त्रीखान्याच्या वर नको. तळपाय भाजतात."

"पण पांढरी शांत आहे म्हणतात."

"शांत जहाज म्हणजे इंजिन बंद पडलेलं जहाज," कप्तान म्हणाले, आणि दशांशरावांनी निकष क्रमांक नऊमध्ये पांढरीचा अर्धा गुण कापला.

दशांशरावांच्या आईंनी या चौदा निकषांकडे चष्म्याच्या वरून एकदा पाहिलं. "तुझ्या वडिलांनी हे घर सात मिनिटांत पसंत केलं," त्या म्हणाल्या. "त्यांच्याकडे टेप नव्हती."

"म्हणून तर स्वयंपाकघरात फ्रीज मावत नाही, आई."

"मावत नाही, पण घर तर आहे ना!"

शुक्रवारअखेर तेरा निकषांची बेरीज दोन्हीकडे एकच आली. उरला चौदावा, खोलीची ऐसपैसता. दोन्ही पुस्तकांत खोलीचे नकाशे मापांसकट होते, पण कागदावरची खोली आणि अंगाला लागणारी खोली यांत फरक असतो, हे मापं तपासणाऱ्याला कोणी सांगायला नको. तेव्हा शनिवारी दुपारी त्यांनी जे ठरवलं ते शास्त्राला धरूनच होतं. दोन्ही खोल्या गच्चीवर खडूने खऱ्या मापात आखायच्या आणि प्रत्येकीत पंचेचाळीस मिनिटं राहून पाहायचं.

"उन्हात?" सिस्टरने विचारलं. ती सकाळची पाळी करून नुकतीच आली होती.

"टाकीच्या सावलीत. तू फक्त आडवी पड. बाकी मी बघतो."

गच्चीच्या दाराला लोखंडी जाळी होती. दाराच्या समोर, टाकीच्या कडेला त्यांनी निळीची खोली आखली. पलंग, कपाट, बाथरूम, दार कुठल्या बाजूला उघडतं त्याची कमान, सगळं. यात त्यांची एक जुनी पद्धत होती, ती सांगायला हवी. टेपच्या टोकाची आकडी वापरून वापरून सैल होते, त्यामुळे शून्यावर भरवसा ठेवायचा नाही; सुरुवात दहा सेंटिमीटरच्या खुणेवरून करायची आणि शेवटी दहा जास्त मोजायचे. दोन मीटर हवे असतील तर दोन मीटर दहावर खूण. प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ते पहिल्या दिवशी हे शिकवत, आणि जो दहा मिळवायला विसरे त्याला आठवडाभर नुसती काचेची मापं पुसायला लावत.

निळीच्या खोलीत सिस्टर चटईवर आडवी झाली. ती पंचेचाळीस मिनिटं पुढीलप्रमाणे गेली.

"अगं, जरा कूस बदल. कपाटाला हात लागतो का?"

"कुठलं कपाट?"

"ते काय, तुझ्या उजवीकडे. रेघ."

मग आईंनी जिन्यातून हाक मारली की गोळी जेवणाआधीची की नंतरची. मग कप्तान रक्तदाबाचं यंत्र घेऊन वर आले, कारण सिस्टर आडवी का होईना, घरी होती. मग दशांशरावांनी तिला उठवून बाथरूमपर्यंत चालायला लावलं आणि सेकंद मोजले. मग पुन्हा आडवं पाडलं.

"कसं वाटतंय?"

"गच्चीवर पडल्यासारखं."

त्यांनी ऐसपैसतेला दहापैकी सात गुण दिले आणि चार वाजून पाच मिनिटांनी पांढरीची खोली दाराच्या अगदी जवळ, जिथे सावली आता सरकली होती तिथे, आखायला घेतली. दहाच्या खुणेवर टेप धरून ते वाकले आणि नेमके त्याच क्षणी सेक्रेटरी वर आले.

सेक्रेटरी इमारतीचा कारभार पाहत. त्यांच्याकडे फाइल होती, आणि फाइल असलेल्या माणसाला जगात सगळीकडे काही ना काही चुकलेलं दिसतं. त्यांनी आधी निळीची खोली पाहिली, मग पांढरीची अर्धी.

"गच्चीवर दोन खोल्या?"

"नाही हो, या—"

"बाथरूमसकट? सांडपाणी कुठे सोडणार?"

"सांडपाणी नाहीये. ही बोट आहे."

"बोट?" सेक्रेटरींनी फाइल छातीशी धरली. "नकाशा मंजूर आहे का?"

दशांशराव एका हाताने रेघ ओढत होते, दुसऱ्याने नकाशा दाखवत होते आणि तोंडाने ही कशी खोली नव्हे हे सांगत होते. ही तीन कामं एका वेळी करू नयेत असा नियमच त्यांनी प्रयोगशाळेत भिंतीवर लावला होता. खोली आखून झाली. पलंगाच्या चौकोनात ते स्वतः आडवे झाले. त्यांची उंची एक मीटर त्र्याऐंशी, पांढरीच्या पुस्तकात पलंग एक मीटर नव्वदचा. आणि तरी त्यांचे दोन्ही अंगठे रेषेबाहेर आले. त्यांनी मान हलवली आणि झोपल्या झोपल्याच ऐसपैसतेला पाच गुण लिहिले. सातला पाच. निळी जिंकली होती.

पण प्रयोग अर्धा सोडणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. "तू इथे पड पंचेचाळीस मिनिटं," ते सिस्टरला म्हणाले. "मी यांच्याबरोबर खाली जाऊन येतो."

"पुसून टाकतो म्हणजे मिटलं," त्यांनी जिना उतरताना सांगून पाहिलं.

"पुसणार? तो पुरावा आहे," सेक्रेटरी म्हणाले. "पुसायलासुद्धा अर्ज लागेल. दोन प्रती."

खालच्या ऑफिसात दोन प्रती भरायला पस्तीस मिनिटं लागली. बांधकामाचं साहित्य: खडू, दोन नग. बांधकामाचा कालावधी: पंचेचाळीस मिनिटं. बांधकामाचा हेतू या रकान्यापाशी दशांशरावांचं पेन बराच वेळ अडलं. ज्या हाताने त्यांनी चोवीस वर्षं प्रमाणपत्रांवर सह्या केल्या होत्या, त्या हाताने अखेर लिहिलं, 'झोपून पाहणे.' सेक्रेटरींनी ते वाचलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि शिक्का मारला. अर्ज लिहिणं चालू असताना मध्ये ते एकदा "आलोच" म्हणून उठून गेले होते. कशाला, ते दशांशरावांना वर गेल्यावर कळलं.

गच्चीच्या जाळीला कुलूप होतं. सेक्रेटरींनी निळीच्या रिकाम्या खोलीवर नजर टाकली असणार आणि सिस्टरही खाली उतरली असं समजून कुलूप घातलं असणार. दाराजवळचा कोपरा त्या दारातून वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही. दशांशराव वाकले. जाळीच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर सुरू होणाऱ्या पांढरीच्या पलंगात सिस्टर झोपली होती.

ती पडली नव्हती. झोपली होती. तोंड थोडं उघडं, एक हात कपाटाच्या रेघेवरून बाहेर, चप्पल एकच पायात. तिच्या उशाशी, पलंगाच्या पलीकडच्या रेषेवर, कापडी बटव्यात घातलेला तिचा फोन होता. बटव्याची फीत वर्तुळ करून जमिनीवर पडली होती.

घड्याळात पाच वाजून सदतीस मिनिटं झाली होती.

"अरे!" खालून आईंचा आवाज आला. "त्या एजंटबाईंचा फोन आलाय! विचारतायत, कुठली?"

दशांशराव पायऱ्या उतरून अर्ध्यावर आले आणि कुजबुजले, "निळी! निळी सांग!"

आईंनी फोनमध्ये काहीतरी सांगितलं, ऐकलं आणि वर मान केली. "म्हणतायत, खोली सूनबाईंच्या नावावर आहे. पक्की करायला तिच्या फोनवर आकडा येईल, तो सांगायचा. सहाला सगळं आपोआप सुटतं म्हणे, त्यांच्या हातात नाही. फोन कुठाय तिचा?"

"आत. ती पण आत. कुलूप आहे. सेक्रेटरी कुठेत?"

सेक्रेटरी केशकर्तनालयात होते. ही बातमी कप्तानांनी आणली. किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशात होती, शर्ट खुंटीवर होता, पण सेक्रेटरी किल्ली दुसऱ्याच्या हातात देत नसत, नियम होता. आणि त्यांच्या डोक्याला काळा रंग लावायला सुरुवात झाली होती, तो अर्धा तास वाळल्याशिवाय ते खुर्चीतून उठणार नव्हते.

"मग उठवा की हिला," कप्तान म्हणाले, जाळीशी गेले, छाती भरून श्वास घेतला आणि "सि—" म्हणाले.

पुढचं अक्षर दशांशरावांच्या तळहातात गेलं. आयुष्यात प्रथमच त्यांनी न मोजता हालचाल केली होती. दोघेही क्षणभर तसेच उभे राहिले, एकाचा हात दुसऱ्याच्या मिशीवर.

"झोपलीय ती," दशांशराव म्हणाले.

"तेच म्हणतोय, उठवा."

पण ती अशी झोपलेली त्यांनी शेवटची कधी पाहिली होती, ते त्यांना आठवेना. त्यांच्याकडे आकडा नव्हता. घरी ती एका कानाने झोपे. दार वाजलं, फोन वाजला, जिन्यात कोणी खोकलं तरी उठून बसे. इथे उन्हं उतरलेल्या गच्चीवर, खडूच्या रेघांमध्ये, ती चाळीस मिनिटं झोपली होती, आणि निळीच्या खोलीत एक डोळाही मिटला नव्हता. दोन खोल्यांत फरक काय होता? तीच गच्ची, तीच चटई, तोच खडू. फरक एकच होता. या खोलीत दशांशराव नव्हते.

प्रयोग म्हणून हे निकामी होतं, हे त्यांना समजत होतं. पण निकामी प्रयोगातूनही कधीकधी निकाल लागतो.

"अरे, पाच अठ्ठेचाळीस!" आईंचा आवाज आला. "मी त्यांना माझ्या गुडघ्याचं सांगत्येय, पण गुडघे दोनच आहेत!"

त्यांनी खिशातून टेप काढली. स्टीलची पट्टी हवेत आडवी धरली तर एका अंतरापर्यंत ताठ राहते, मग मान टाकते. या टेपचं ते अंतर दोन मीटर पाच सेंटिमीटर होतं, त्यांनी स्वतः तपासलेलं. जमिनीवरून सरकवता आली असती, पण खरखर झाली असती. ते जिन्याच्या पायरीवर पालथे झाले, दंड जाळीतून आत घातला आणि पट्टी सोडायला लागले. कप्तानांनी त्यांचे पाय धरले, का ते कोणालाच माहीत नव्हतं.

पट्टी सिस्टरच्या पायावरून, कमरेवरून, खांद्यावरून चार बोटांच्या अंतराने पुढे गेली. टोक थरथरत होतं. तिने झोपेतच नाक खाजवलं. पट्टी थांबली. कप्तानांनीही श्वास थांबवला, आणि त्यांच्या रक्तदाबाला ते बरं नव्हतं. मग टोक पुन्हा पुढे सरकलं, पलंगाच्या पलीकडच्या रेषेवर पोचलं आणि फितीच्या वर्तुळात अलगद उतरलं. सैल म्हणून जिच्यावर चोवीस वर्षं त्यांनी भरवसा ठेवला नव्हता त्याच आकडीने फीत धरली.

ओढण्याआधी, सवयीने, त्यांनी वाचलं. आकडी पलंगाच्या पलीकडच्या रेषेवर होती. अलीकडच्या रेषेवर पट्टी दाखवत होती एक मीटर ऐंशी.

पलंग एक मीटर नव्वदचा होता.

दशांशरावांनी आकडा पुन्हा वाचला. दहा. पांढरीची प्रत्येक रेघ त्यांनी दहाच्या खुणेवरून सुरू केली होती आणि एकीलाही दहा मिळवले नव्हते. अंगठे बाहेर आले ते म्हणून. खोली आक्रसली ती म्हणून. नव्याने आलेला पोरगा असता तर त्यांनी त्याला आठवडाभर काचा पुसायला लावल्या असत्या.

"काय झालं?" कप्तान पायांकडून कुजबुजले. "अडकली?"

"मी चुकलो," दशांशराव म्हणाले. हे वाक्य इमारतीत कोणी ऐकलं नव्हतं. कप्तानांनी पाय सोडले.

कापलेले दोन गुण परत दिले तर सातला सात. तेरा निकष सारखे, चौदावाही सारखा. बावीस वर्षं ते ज्या अचूक तुलनेच्या मागे होते ती आता त्यांच्यापुढे होती, आणि ती काहीच सांगत नव्हती. त्यांना पांढरीच्या पुस्तकातली पान एकतीसवरची एक बारीक ओळ आठवली. 'जहाजावर ध्वनिक्षेपकावरून घोषणा केल्या जात नाहीत.' तिच्याबद्दल त्यांनी एक गुण कापला होता.

पट्टी कडेला वळवून ओढली तशी बटवा तिच्या अंगाला न लागता जमिनीवरून मांजरासारखा आला. जाळीतून फोन निघाला तेव्हा पाच वाजून चौपन्न मिनिटं झाली होती.

"आई! पांढरी सांग!"

"मघाशी निळी म्हणालास!"

"पांढरी!"

"नक्की?"

असं कोणी विचारलं की दशांशराव "साधारण" म्हणत. आज त्यांनी फक्त फोन डोळ्यांसमोर धरला. आईंनी खालून "पांढरी!" असं ठणकावलं. एक मिनिट गेलं. दोन गेली. मग फोन हातात हलला, आवाज न करता, कारण वॉर्डाच्या नियमाने तो कायम मुका असे. सहा आकडे होते. ते त्यांनी जिन्यातून एकेक करून खाली सोडले, आईंनी झेलले आणि एजंटबाईंना दिले. पाच अठ्ठावन्नला खालून आवाज आला, "झालं म्हणतायत! आणि गुडघ्याला शेक द्या म्हणाल्या!"

सेक्रेटरी सहा वीसला आले, टॉवेल खांद्यावर, एक भुवई काळी झालेली. किल्ली कुलपात फिरली आणि सिस्टर उठून बसली. तिने आधी आभाळाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"किती वाजले?"

"सहा वीस."

ती उभी राहिली. दुसरी चप्पल शोधायला लागली.

"ठरलंय," दशांशराव म्हणाले. "पांढरी. पक्की केली."

"कागदात जास्त गुण मिळाले का?"

"नाही. कागद चुकला. म्हणजे मी चुकलो. दहा सेंटिमीटर."

तिने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं, रुग्णाचा ताप उतरला की नाही हे हात लावायच्या आधी पाहावं तसं. "मग पांढरीच का?"

"तू झोपली होतीस," ते म्हणाले.

सेक्रेटरी खोकले. खडू पुसायला पाणी कोण आणणार, असा त्यांचा प्रश्न होता. सिस्टरने चप्पल पायात घातली. "आज नको पुसायला," ती म्हणाली. "तो पुरावा आहे ना?"

महिन्याभराने, पांढरीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, दशांशरावांनी वहीत नोंद केली: खोलीची लांबी चार मीटर दहा. रुंदी दोन मीटर साठ. पलंग एक मीटर नव्वद. पहिल्या दिवशी खोलीबाहेरून आलेल्या हाका, शून्य. सिस्टरची झोप, अकरा तास वीस मिनिटं. अधिक-उणे चाळीस मिनिटं, कारण मोजणाऱ्यालाही मध्ये झोप लागली होती.